हे झाड पाखरांसाठी आहे

मी आयुष्यात एकच झाड लावलं. त्याच्यापायी माझी पोलीस चौकशी झाली, एका शेळीने भर स्टँडवर माझा अपमान केला, आणि शेवटी मला माझ्याच फाटकावर, माझ्याच हाताने, ऑइलपेंटमध्ये खोटं लिहावं लागलं. मी मराठी शाळेत मास्तर आहे. 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून ते जरा जास्त लागतं.

चौऱ्याऐंशी साली आम्ही पांढुर्ण्याच्या बाजारातलं भाड्याचं घर सोडून गावाबाहेरच्या लेआउटमध्ये राहायला आलो. आदल्या सालापर्यंत तिथे कापूस होता. घर झालं, फाटक झालं, समोर दहा बाय बाराची जागा उरली आणि तिच्यात काळी माती आणि ऊन याखेरीज काही नव्हतं. जुन्या घरी विजयमाला, म्हणजे आमचं कुटुंब, रोज सकाळी ओट्यावर मूठभर तांदळाची कणी टाकायची. मागच्या बोरीवरून चिमण्या, साळुंक्या, बुलबुल उतरायचे, भांडायचे, आणि ही त्यांची भांडणं सोडवायची. आमची अलका लग्न होऊन गेल्यावर तर ती माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलायची. नव्या घरी पहिल्या सकाळी तिने कणी टाकली. संध्याकाळी ती होती तशीच होती. तिने केरसुणीने गोळा करून डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, पुन्हा भरली. सव्वा महिना हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी केरसुणी हातात धरूनच ती म्हणाली, "ह्या घरी चिमणीबी येत नाही हो. मले करमून नाही राहिलं."

बायकोने भांडून काही मागितलं तर माणूस भांडू तरी शकतो. असं हळू बोलल्यावर काय करणार? मी म्हणालो, "झाड लावतो. पाखरं आली नाहीत तर नाव बदलून टाकीन."

"पाह्यते," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

आमच्या गावात मुलाला मुलगी पाहायची असली तर फार तर दहा माणसं सल्ला देतात. झाड लावायचं म्हटलं की येणारा-जाणारा फाटकाला हात टेकतो. माझ्या अटी तीनच होत्या. झाड लहान हवं, कारण भिंत जवळ होती आणि भिंतीवर घर उभं होतं. दिसायला बरं हवं, कारण ते दर्शनी भागात येणार होतं आणि मलाही काही प्रतिष्ठा आहे. आणि पाखरं यायला हवीत. या तिन्ही अटी एका झाडात बसत नाहीत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

शेजारचे केशवराव तिगाव स्टेशनावर तिकिटांच्या खिडकीवर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती, पण खिडकीतून बोलायची सवय गेली नव्हती. घरच्या खिडकीत बसून समोर येईल त्याला ते सल्ला देत. "अशोक लावा गुरुजी," ते म्हणाले. "सिग्नलसारखा सरळ जाते."

"पण त्याच्यावर पाखरू टिकत नाही, केशवराव."

"म्हणूनच तं सांगून राहिलो. खाली घाण नाही."

मग मी मोहगावच्या भिवाजींना विचारलं. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि त्यांची तिन्ही मुलं माझ्या हातून गणितात नापास झाली होती, त्यामुळे संबंध चांगले होते. "पाखरू पाह्यजे?" भिवाजी म्हणाले. "मले विचारा. वीस वर्षं झाले, मी त्याईले हाकलूनच राहिलो." आणि सराईत चोरांची नावं हवालदाराने घ्यावीत तशी त्यांनी पाखरांची नावं घेतली. कोण कुठे बसतो, काय खातो, कधी येतो, सगळं तोंडपाठ. पेरू लावा म्हणाले. पण पेरूला पाखरांच्या आधी पोट्टे येतात, आणि पांढुर्ण्याच्या पोट्ट्यांचा नेम सांगायला नको. उंबर लावा म्हणाले. त्यावर सगळे येतात. "पण मुळं भिंतीत घुसते, अन् उंबर तोडता येत नाही. दत्त महाराज राहतात न त्याच्यात. घर तोडा लागीन." शेवटी म्हणाले, "मंग संत्र्याचं कलमच देतो तुमाले."

"त्याच्यावर पाखरं येतील?"

"येतात न. पण फवारा मारा लागते. मंग मरतात."

मी घरी येऊन विजयमालेला यातलं काही सांगितलं नाही. ती कणी निवडत होती.

शेवटी मला शाळेच्या कपाटात एक जुनं मासिक सापडलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटची पानंही नव्हती, पण मधला एक लेख शाबूत होता. लहान बागेत पक्ष्यांसाठी आपटा लावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. झाड बेताचं, फांद्या झुकलेल्या, पानं जोडीजोडीची, देखणी. फुलांवर मधमाश्या येतात, पानांवर सुरवंट येतात, सुरवंटांवर पक्षी येतात आणि दाट फांद्यांत घरटी करतात. खाली एक सूचना होती, की बुंध्याभोवती गोलसर दगडांचं आळं करावं, म्हणजे ओल धरते. मी तो लेख तीनदा वाचला. बावीस वर्षांत त्या कपाटाचा मला झालेला हा एकच उपयोग.

आपट्याचं रोप रामाकोन्याच्या बाजूला एका नर्सरीत मिळेल असं कळलं. रविवार नर्सरीला बंद म्हणून मी किरकोळ रजा टाकली आणि दोन बसा बदलून गेलो. नर्सरी सरकारी होती, म्हणजे रोपाच्या आधी फॉर्म होता. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून फॉर्म हिंदीत होता. 'उद्देश्य' या रकान्यात फलदार, छायादार, इमारती, म्हणजे लाकडासाठी, असे तीन पर्याय होते. मी तिन्ही खोडून 'पक्षियों के लिए' असं लिहिलं. बाबूने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग बोट 'हितग्राही का नाम' या रकान्यावर ठेवून म्हणाला, "लाभ किसको होगा, उसका नाम लिखो मास्साब."

"पाखरांना होणार."

"तो वही लिखो."

मी लिहिलं. त्याने बोट खालच्या रकान्यावर सरकवलं. 'हितग्राही के पिता का नाम.'

यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. बाबू काही वाईट माणूस नव्हता, पण रकाना रिकामा ठेवायचा त्याला अधिकार नव्हता. शेवटी माझ्या वडिलांचं नाव लिहून आम्ही प्रश्न मिटवला. माझे वडील स्वभावाने तापट होते. ते हयात असते तर मला घरात घेतलं नसतं. तिथल्या माळ्याने, गुणवंताने, कोपऱ्यातून तीन फुटांचं एक रोप उचलून दिलं. त्यावर चिठ्ठी नव्हती. "आपटाच हाय न?" मी विचारलं. "नाही तं काय?" गुणवंता म्हणाला. सरकारी नर्सरीत एवढी खात्री पुष्कळ झाली.

परत येताना सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची बस लागायला वेळ होता. मी रोप बाकाशेजारी ठेवून चहा प्यायलो. एवढ्यात एका शेळीने येऊन त्याचा शेंडा खाल्ला. मी ओरडलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, चावणं थांबवलं नाही, आणि धोतराच्या सोग्यालाही तोंड लावलं. स्टँडवरची माणसं हसली. त्यात माझे दोन जुने विद्यार्थी होते. शेंडा खुडल्यावर झाड दाट फुटतं, अशी एकाने माझी समजूत घातली. ते पुढे खरं निघालं, पण शेळीचे आभार मानायची माझी तयारी नाही.

झाड लागलं. लागलं त्याच दिवशी केशवरावांनी खिडकीतून निकाल दिला. "गुरुजी, हा आपटा नोहे. कांचन हाय."

"आपटा आहे."

"पान पाहा न. कांचन. तुमाले फसवलं सरकारनं."

तिथून चार वर्षांचं युद्ध सुरू झालं. पण मधे गोट्यांचं प्रकरण झालं, ते आधी सांगतो.

मासिकात म्हटल्याप्रमाणे मी श्रावणात जाम नदीवरून एक बैलगाडी गोल गोटे आणवले आणि झाडाभोवती त्यांचं छान आळं रचलं. उरलेले फाटकाशी ढीग करून ठेवले. पांढुर्ण्यात जन्म काढलेल्या माणसाने श्रावणात दारापुढे गोटे ठेवावेत, यापुढे मी स्वतःच्या बुद्धीबद्दल काही बोलत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि त्या झाडासाठी दिवसभर दोन्हीकडून गोटे चालतात. पोळ्याच्या चार दिवस आधी एक हवालदार सायकलवरून आला आणि ढिगाभोवती एक चक्कर मारली.

"गुरुजी, हे गोटे कायले जमा करून राहिले?"

"झाडासाठी आहेत."

"झाडासाठीच राहतात गुरुजी," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "दरसाली."

त्याने माझं नाव, वडिलांचं नाव आणि गोट्यांचा अंदाजे आकार वहीत लिहून घेतला. एका महिन्यात दुसऱ्यांदा माझ्या वडिलांचं नाव सरकारदरबारी लागलं. मी त्याला आपट्याचं रोप दाखवलं, मासिक दाखवलं. त्याने मासिकही नोंदवून घेतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ढीग नाही, आळंही नाही. रोप तेवढं उघडंवाघडं उभं होतं. संध्याकाळी केशवरावांचा भाचा उत्तम कपाळाला तीन टाके घेऊन आला, आणि केशवराव गंभीरपणे म्हणाले, "गोटा तुमचाच होता. मी ओळखला." आठवडाभर मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

झाड मात्र वाढलं. दुसऱ्या वर्षी माझ्या खांद्याला आलं, तिसऱ्या वर्षी डोक्यावर गेलं. पाखरू मात्र एकही आलं नाही. विजयमाला रोज कणी टाकत होती आणि रोज गोळा करत होती. केशवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मास्तरानं आपटा म्हणून कांचन लावला." पाहुणे तेच ऐकून यायचे. शाळेत हेडमास्तर अरविंदबाबूंनी सर्वांदेखत विचारलं, "काय मास्तर, कांचन कसा आहे?" सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला फुलं आली. कांचनाची फुलं मोठी, गुलाबी असतात. ही बारीक, पांढुरकी, पिवळसर झाक असलेली होती. म्हणजे आपटा! मी एक मंजिरी तोडून केशवरावांच्या खिडकीच्या गजांत खोचली. त्यांनी ती हुंगली, मागेपुढे पाहिली आणि म्हणाले, "कांचनात असाबी प्रकार राहते."

तेव्हा माझा तोल गेला. मी गावातल्या पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड करून घेतला. पिवळ्यावर काळी अक्षरं, रस्त्यावरून वाचता येतील अशी: 'आपटा. हे झाड पाखरांसाठी आहे.' तो फाटकावर ठोकला तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. विजयमाला म्हणाली, "पाखराईले वाचता येते का?" मी म्हणालो, "केशवरावांना येतं."

आणि त्याच भादव्यात पाखरं आली. मुनियांची जोडी होती. चिमणीहून लहान, मातकट, जाड चोचीची. पहिल्यांदा विजयमालेने पाहिली. तिने मला हाक मारली नाही; वर्गातून पोराला खुणेने बोलवावं तसं बोटाने बोलावलं. दोघं खिडकीशी उभे राहिलो. मुनिया गवताची लांब काडी ओढत झाडात शिरली. विजयमालेने माझा हात धरला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. दिवसाउजेडी, खिडकीत, हे पहिल्यांदाच.

गवताचा गोल खोपा तयार झाला आणि घरात कायदे लागू झाले. "आवाज नका करू, बाळंतीण हाय." कुकरची शिटी बंद. फोडणी बंद, कारण तडतडते. मी फाटक उघडण्याऐवजी ते उचलून सरकवायचो. अलकेच्या बाळंतपणातही आमच्या घरी इतकी शांतता नव्हती. सकाळी कणी टाकली की आता अर्धी उरायची, कधी पाव उरायची. मुनियांच्या मागोमाग चार चिमण्याही यायला लागल्या होत्या. विजयमाला रात्री जेवताना मला दिवसभराची बातमी द्यायची, आणि त्या बातमीत माणूस एकही नसायचा.

मग दसरा आला.

दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, हे मी पोरांना दरवर्षी निबंधात लिहून देतो. बाजारात आपटा म्हणून बहुतेक कांचनच विकतात, हेही मला ठाऊक होतं. आणि अख्ख्या लेआउटमध्ये खरा आपटा एकच, त्यावर पिवळा बोर्ड, हे मला ठाऊक असायला हरकत नव्हती. पण मला ते सुचलं नाही. मास्तर आहे.

सकाळी सहाला मागच्या गल्लीतल्या सुनंदाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. झाडाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, एकच डाहाळी." दसऱ्याच्या दिवशी सोन्याला नाही म्हणत नाहीत. मी दिली. सातला दहा जण होते. आठला फाटकातून आत येता येत नव्हतं. सगळे चपला बाहेर काढून, हात जोडून, अत्यंत आदराने झाड ओरबाडत होते. मी सांगत होतो, "अहो, खोपा आहे! अंडी आहेत!" ते म्हणत होते, "हाव गुरुजी, आमी इकडूनच घेतो." इकडूनच घेणारे चारही बाजूंनी होते. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. एक जण वाचून म्हणाला, "आपटाच लिहेल हाय न?"

आणि केशवराव! ते खिडकी सोडून माझ्या अंगणात आले, हातात काठी घेतली आणि तिकिटांची रांग लावतात तशी रांग लावली. "लाइनीत या! असली आपटा हाय, बजारातला नोहे. ग्यारंटी माही!"

मी छत्री आणली, उघडली आणि खोप्याच्या फांदीपुढे उभा राहिलो. बराच वेळ मी त्या फांदीला कोणाला हात लावू दिला नाही, एवढं तरी लिहून ठेवतो. दहा वाजता गर्दीतून हेडमास्तर अरविंदबाबू पुढे आले. "काय मास्तर, आमच्या घराला सोनं नाही का?" माझ्या वार्षिक शेऱ्यावर त्यांची सही असते. मी वळलो. पलीकडची चांगली डाहाळी पाहून, स्वतःच्या हाताने तोडून, वाकून त्यांना दिली. मागे कडाड् आवाज झाला. परत वळेपर्यंत ती फांदी नव्हती, आणि दोन मुनिया विजेच्या तारेवर बसून ओरडत होत्या. खिडकीत विजयमाला उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, वाकणंसुद्धा.

दुपारपर्यंत झाड म्हणजे खराटा झाला होता.

संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळे सोनं द्यायला आले. माझ्याच झाडाची पानं माझ्या हातात ठेवून माणसं म्हणत होती, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." लहान मुलं पाया पडत होती. मी आशीर्वाद देत होतो. ताट भरलं, मग परात भरली. झाड पुन्हा घरी आलं, पण परातीत. विजयमाला प्रत्येकाला वाटीभर खीर देत होती.

सगळ्यात शेवटी केशवराव आले. "तुमच्यासाठी खास फांदी ठेवली होती गुरुजी. मोठ्या पानाची. थोडं गवत अटकलं हाय, तेवढं काढून टाका."

विजयमालेने ती फांदी माझ्या हातून घेतली. खोपा तसाच होता. तिने दोन बोटं आत घातली. आत कापूस होता, आमच्याच जुन्या गादीचा, आणि चार पांढरी अंडी, साखरफुटाण्याएवढी. ती मला म्हणाली, "पाहा न, गरम हाय का?" मी हात लावला. नव्हती. तरी मी थोडा वेळ हात तिथेच ठेवला. मग तिने केशवरावांना खीर दिली, "सोन्यासारखे राहा भाऊजी" म्हणाली आणि फांदी घेऊन आत गेली. केशवरावांनी खीर दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी कणी तशीच उरली. तिसऱ्या दिवशीही. तारेवर कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी मी हातोडी घेऊन बोर्ड उपटायला निघालो, तर ती म्हणाली, "उपटू नका. उपटला तं लोकाईले अजून याद राहीन. त्याच्यावर कांचन लिहा."

"पण तो कांचन नाही."

"मले ठाऊक हाय. पाखराईलेबी ठाऊक हाय. माणसाईसाठी लिहाचं हाय."

मी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी पेंटरकडून अर्धी डबी रंग आणला, स्टुलावर चढलो, 'आपटा' पुसला आणि माझ्या वळणदार मास्तरी अक्षरात 'कांचन' लिहिलं. नाव बदलून टाकीन म्हणालो होतो, ते बदलून झालं.

खिडकी उघडली. केशवरावांनी बोर्ड वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं का नाही गुरुजी?"

ब्रश माझ्या हातात होता, आणि गल्लीतली चार माणसं थांबून ऐकत होती.

"सांगितलं होतं, केशवराव," मी मोठ्याने म्हणालो. "कांचनच आहे."

मागे ओट्यावर विजयमाला कणी टाकत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने आणखी एक मूठ टाकली.